कामाच्या ताई, टाळेबंदी आणि रजेचा पगार

वाचकांचे प्रश्न : जुलै २०२०

करोनाच्या साथीत, गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रं परवा एका बैठकीत पुन्हा वाचली. विषय निरनिराळे, पण पत्रामागून पत्रात एकच बाई दिसत राहिली : घरी केर-फरशी आणि भांडी करायला येणारी. कुणी तिला ताई म्हटलंय, कुणी मावशी, कुणी नुसतंच ‘कामवाली’. मी एकतीस वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या कामात परिचारिका होते. त्याआधी शाळेत असताना आईच्या मागून चार घरी जायचे. आई लोकांच्या घरची केर-फरशी करायची. हा दरवाजा मी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाहिला आहे. म्हणून या वेळची जागा याच पत्रांना देते.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षं एक मावशी केर, फरशी, भांडी आणि संडास-बाथरूम करायला येत होत्या. टाळेबंदी लागली तेव्हा मी त्यांना ‘पंधरा दिवस येऊ नका’ म्हणाले, त्याला आता साडेतीन महिने झाले. पहिले दोन महिने पूर्ण पगार दिला. आता नवऱ्याचा पगार पाव हिश्श्यानं कापला गेलाय. ते म्हणतात, काम नाही तर पैसे कशाचे? सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना मधुमेह आहे, आणि फुप्फुसाच्या जुन्या विकारामुळे रोज पंपानं औषध घ्यावं लागतं. त्यांचं म्हणणं, बाहेरचं कुणी घरात नको. आमच्या भागात घरकामाला आता परवानगी मिळाली आहे. परवा मावशींचा फोन आला, “ताई, नुसते पैसे नकोत, मला कामावर घ्या.” मुलं, ऑफिस आणि घर सांभाळून मी पुरती दमले आहे. खरं सांगते, मला मावशी हव्या आहेत. पण त्या माझ्या कंबरेसाठी हव्यात की त्यांच्या भल्यासाठी, हेच कळेनासं झालंय. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्नांची एक गाठ पडली आहे. मावशींनी घरात यावं का, हा एक प्रश्न. त्यांचा पगार चालू राहावा का, हा दुसरा. घरोघरी हीच गाठ दिसते : येत नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे द्यायचेच, तर मग त्यांना येऊ दे. ही गाठ आधी सोडवा. मावशींच्या येण्याचा निर्णय साथीच्या चालीवर, तुमच्या भागातल्या आदेशावर आणि सासूबाईंच्या फुप्फुसांवर अवलंबून आहे, तो पंधरा दिवसांत बदलू शकतो. पगाराचा निर्णय मात्र आज घेता येतो, म्हणून तो आधी घेऊ.

‘काम नाही तर पैसे कशाचे’ हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं ऐकायला सरळ आहे. पण काम मावशींनी थांबवलेलं नाही. ‘येऊ नका’ असं तुम्ही सांगितलंत, आणि योग्य कारणानं सांगितलंत. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवासाठी त्या घरी बसल्या आहेत. त्याची किंमत त्यांनी एकटीनं का मोजावी?

मी नववीत असताना आईला कावीळ झाली. सहा आठवडे ती अंथरुणावर होती. चारही घरी निरोप द्यायला मीच गेले. तीन घरांत ‘बरं, बरी झाली की सांग’ एवढंच ऐकलं. त्यातल्या एका घरात चौथ्या दिवशी दुसरी बाई लागली. चौथ्या घरच्या बाईंनी मला महिन्याच्या एक तारखेला बोलावून घेतलं आणि हातात पाकीट दिलं. त्यावर निळ्या शाईनं दोन शब्द लिहिले होते, ‘रजेचा पगार’. आईला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग पाकीट रिकामं झाल्यावरही ते तिनं ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं.

त्या दोन शब्दांत काय होतं ते मला फार उशिरा, स्वतः नोकरीला लागल्यावर आणि पहिली आजारपणाची रजा घेतल्यावर कळलं. मदत घेणारा माणूस मान खाली घालून घेतो, आणि देणाऱ्याला ती कधीही बंद करता येते. ज्या बाईला रजेचा पगार मिळतो ती नोकरीत असते. मावशी तुम्हाला ‘नुसते पैसे नकोत’ म्हणाल्या, तो मानीपणा आहेच, पण त्यात एक धास्तीही आहे. साडेतीन महिने दार बंद राहिलं की बाईच्या मनात येतं, या घरानं आपल्यावाचून चालवायची सवय करून घेतली, आता आपली जागा गेली. तुमच्याकडून त्यांना हवंय ते जागा पक्की असल्याचं उत्तर. ते द्या. शब्दांत द्या.

नवऱ्याचा पाव पगार गेला, ही खरी अडचण आहे आणि मी ती झटकून टाकत नाही. पण पाव कापला गेला म्हणून मावशींचा सगळाच बंद, हा हिशेब बसत नाही. कापायचाच झाला तर फार तर तेवढाच हिस्सा कापावा. आणि जमत असेल तर तोही कापू नये, कारण तुमच्याकडे पाव हिस्सा कमी झाला की काही खरेदी पुढे ढकलली जाते. त्यांच्याकडे कमी झाला की खोलीचं भाडं थकतं. मावशी तुमच्याखेरीज आणखी किती घरी जातात, आणि त्यातल्या किती घरांनी पगार चालू ठेवला, हे विचारलंय का? विचारा. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जो अंदाज दिला, त्यात या साथीमुळे काम आणि कमाई गमावण्याच्या धोक्यात असलेले घरकामगार जगभरात सुमारे साडेपाच कोटी आहेत. त्यातल्या सुमारे तीन कोटी सत्तर लाख बायका. त्या आकड्यातली तुमच्या ओळखीची बाई म्हणजे मावशी.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘आता घ्या, नंतर जादा काम करून फेडा’ असं सांगू नका. अनेक घरांत हे चाललंय आणि बोलणाऱ्याला ते उदारपणाचं वाटतं. तो पगार नव्हे, उचल आहे. साथ संपल्यावर बाई कामावर येते तीच कर्जदार होऊन. मग रजा मागताना तिची जीभ उचलत नाही. नऊ वर्षांच्या नात्याचं असं करू नका.

आता येण्याचं.

नोकरीत असताना मी क्षयाच्या रुग्णांच्या घरी जायचे. आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आत शिरलीस की आधी खिडकी उघड, मग बोल. या नव्या विषाणूबद्दल मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांचं लक्ष हातांवर आणि वस्तूंवर होतं. दाराच्या कड्या पुसा, पिशव्या धुवा. हात धुणं आजही हवंच, कारण या विषाणूभोवतीचं चरबीचं वेष्टन साबणानं फुटतं. पण मला जास्त काळजी बंद खोलीतल्या हवेची वाटते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनमंडळाची अडीच तासांची तालीम झाली. एकसष्ट माणसं होती, एकाला सर्दीखोकल्यासारखी लक्षणं होती. नंतर एकूण त्रेपन्न जणांना आजार झाल्याचं धरलं गेलं, दोघं दगावली. गाणं म्हणजे दीर्घ श्वास, बंद जागा, बराच वेळ. याच महिन्यात २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेला हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष देण्याची विनंती केली आहे.

फरशी पुसणाऱ्या बाईकडे या नजरेनं पाहा. ती वाकून, जोर लावून, धापा टाकत तासदीड तास खोल्याखोल्यांतून फिरते. तिच्या श्वासात काही असेल तर ते तुमच्या खोल्यांत राहतं, आणि तुमच्या खोल्यांतलं ती छातीभर आत घेते. हा दुसरा भाग आपण विसरतो. आलेल्या सगळ्या पत्रांत ‘ती रोग आणेल का’ हा प्रश्न आहे. ‘तिला आमच्याकडून रोग लागेल का’ असं विचारणारं एकही पत्र नाही. मावशी चार घरी जात असतील तर चार घरांतल्या माणसांचा श्वास त्यांच्या वाट्याला येतो. एका घरानं खोकला लपवला तर पहिला फटका त्यांना, आणि तिथून बाकीच्या घरांना. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागतात, चौदाही लागू शकतात. आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्यामुळे ‘त्या ठणठणीत आहेत’ किंवा ‘आम्ही ठणठणीत आहोत’ यावर विसंबता येत नाही.

वय साठीच्या पुढे, मधुमेह, फुप्फुसाचा जुना आजार : सासूबाईंकडे तिन्ही गोष्टी आहेत. तुमच्या भागात रुग्ण वाढत असतील तर माझं उत्तर स्पष्ट आहे. मावशींना आत्ता घरात बोलावू नका. परवानगी मिळाली याचा अर्थ बोलावणं सुरक्षित झालं असा होत नाही. सासूबाईंचा शब्द इथे शेवटचा मानावा, कारण श्वास त्यांचा आहे. पण हाच नियम सगळ्यांना लावा. मावशी नकोत आणि मुलांचे मित्र येऊन बसतात, नवऱ्याचे सहकारी तासभर बोलून जातात, असं होत असेल तर तुम्ही सासूबाईंना सांभाळत नाही, फक्त मावशींना अडवता आहात.

मावशींना फोन करा, निरोप धाडू नका. नवऱ्यालाही शेजारी बसवा. असं काहीसं बोला : “मावशी, तुमची जागा तुमचीच आहे. दुसरं कुणी लावणार नाही. आईंच्या छातीमुळे अजून तुम्हाला बोलावता येत नाही. तोवर महिन्याला इतका रजेचा पगार एक तारखेला मिळेल. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी फोन करेन आणि काय ठरतंय ते सांगेन.” मग तो रविवार चुकवू नका, सांगायला नवीन काही नसलं तरी. मोघम ‘बघू, कळवते’ यानं माणूस रोज फोनकडे बघत बसतो. मी आईला असं बसलेलं पाहिलंय. आणि तुमचं बोलून झालं की त्यांनाही विचारा. घरी कोण कोण आहे, त्यांना स्वतःला साखर किंवा रक्तदाब आहे का, येताना गर्दीच्या वाहनातून यावं लागतं का. त्यांच्याही घरी कुणी सासूबाई असतील. कदाचित त्यांनाच भीती वाटत असेल आणि जागा जाईल म्हणून ती बोलत नसतील.

रुग्ण कमी झाले आणि सासूबाईंचं मन वळलं, तर रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस बोलवा, पगार तोच ठेवून. त्या येण्याआधी सगळ्या खिडक्या उघडा, शक्य तर समोरासमोरच्या, म्हणजे वारा आरपार जाईल. त्या गेल्यावरही अर्धा-पाऊण तास उघड्याच ठेवा. सासूबाईंची खोली त्यांच्याकडून करून घेऊ नका, ती तुम्ही करा, आणि तेवढा वेळ सासूबाई दार लावून आत किंवा बाहेर मोकळ्या हवेत बसतील. बाकीच्यांनी मावशी ज्या खोलीत असतील तिथून निघून जावं. मास्क दोघांनीही लावायचा, त्यांनी आणि तुम्ही. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ जूनला सांगितलंय की कापडी मास्क तीन थरांचा असावा. असे चार मास्क तुम्ही शिवून किंवा विकत घेऊन त्यांना द्या, कारण फरशी पुसताना मास्क घामानं भिजतो आणि मध्येच बदलावा लागतो. आल्यावर आणि जाताना साबणानं वीस सेकंद हात धुवायचे, त्यांचा वेगळा साबण नको, तोच साबण. पाण्याचा कपही वेगळा ठेवू नका. साबणानं धुतलेला कप धुतलेलाच असतो. आणि तुमच्या घरात कुणाला कणकण जरी वाटली तरी त्यांना त्याच दिवशी कळवून येऊ नका म्हणा. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

राहिली तुमची कंबर. मावशी कंबरेसाठी हव्याशा वाटणं यात काही वाईट नाही. त्यांचं काम मोलाचं आहे म्हणूनच तर त्यांना पगार आहे. ते किती मोलाचं, हे आता तुमच्या हाडांना कळलंय एवढंच. पण साडेतीन महिने त्यांचं सगळं काम एकट्या तुमच्याच अंगावर कसं पडलं? घरी एक धडधाकट पुरुष आहे, दोन मुलं आहेत. संडास-बाथरूम नवऱ्याकडे द्या, भांडी मुलांकडे. ‘पैसे कशाचे’ हा प्रश्न बाथरूमची फरशी आठवडाभर घासल्यावर तुमचे यजमान पुन्हा विचारतील असं मला वाटत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या ताईसुद्धा मार्चपासून आलेल्या नाहीत. मी अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, रोज एकच खोली पुसते. त्यांना दर एक तारखेला पगार जातो आणि पाकिटावर काय लिहायचं हे मला शिकवावं लागलं नाही.

प्रश्न : कामाच्या बाई येत नसल्यानं घर मीच पुसतो. विषाणू मरावा म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करून वापरलं. खूप उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी आलं, रात्रभर खोकला होता. प्रमाण चुकलं का?

उत्तर : प्रमाण नाही, मिश्रणच चुकलं. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसं जाळतो, बंद बाथरूममध्ये जीवही घेऊ शकतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवातही ब्लीच मिसळायचं नाही, त्यानंही विषारी वायू होतो. तुमचा खोकला अजून असेल किंवा छातीत दाटल्यासारखं वाटत असेल तर हे वाचून होताच डॉक्टरांना गाठा आणि काय मिसळलं ते नीट सांगा.

फरशीला साबणाचं पाणी पुरतं. घरात रुग्ण असेल किंवा सगळ्यांचे हात लागणारी कडी, नळ, बटणं पुसायची असतील तेवढ्यापुरतं ब्लीच घ्या. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक लिटर साध्या, थंड पाण्यात वीस मिलिलिटर. आधी साबणानं मळ काढायचा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग हे पाणी लावून निदान एक मिनिट ओलं राहू द्यायचं. रोज ताजं करा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, अंगावर किंवा हवेत फवारू नका.

आणि बाई परत कामावर येतील तेव्हा या दोन बाटल्या त्यांच्या हाती सोपवताना हे सगळं त्यांना सांगा. लेबल त्यांना वाचता येत नसेल, तर बाटल्यांवर दोन रंगांच्या चिंध्या बांधा. माझ्या आईच्या बोटांची सालं वर्षानुवर्षं निघायची, कुठल्या घरी कुठली बाटली आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रश्न : आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या बायकांचं तापमान दारात मोजतात, नोंदवहीत लिहितात आणि त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. रहिवाशांना यातलं काहीच नाही. मी समितीत आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ताप मोजून ज्याला ताप आहे तोच सापडतो. लक्षणं येण्याआधीचा माणूस तुमच्या यंत्राखालून सहज जातो. मोजायचाच तर दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचा मोजा, रोज कामावर जाऊन येणाऱ्या रहिवाशांचासुद्धा. लिफ्टमध्ये एका वेळी एक माणूस, मास्क लावून, हा नियम सगळ्यांना सारखा करा. पाच मजले चढून धापा टाकत आलेल्या बाईला मास्कमधून श्वास पुरत नाही, मग ती दारात मास्क खाली ओढते. तुमचा नियम तुमच्याच मुळावर येतो. पुढच्या बैठकीत तुम्हीच हे मांडा, आणि नोंदवहीत पहिलं तापमान समितीच्या अध्यक्षांचं असू द्या.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते. आई तीन घरी साफसफाई करते. दोन घरांनी पैसे बंद केले. तिसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, साथ संपेपर्यंत आमच्याच घरी राहा, बाहेर जायचं नाही, नाहीतर दुसरी बघतो. पगार तोच, वर जेवण. आई जायला तयार झाली आहे, कारण घरात पैसे नाहीत. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. मला रात्री झोप लागत नाही. आईनं जावं का?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या आईनं जावं की जाऊ नये हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, कारण तुमच्या घरात डब्यात काय आहे हे मला दिसत नाही. पण ती गेली तर कशावर हो म्हणून जाईल, हे आधी ठरवता येतं. आणि तुला लिहितावाचता येतं, तेव्हा ते कागदावर तू आणायचं.

आधी हे लक्षात घे : त्या बाई ‘पगार तोच’ म्हणतात, पण काम तेच राहणार नाही. आज आई तिथे दोनेक तास असते. राहायला गेली की सकाळी उठल्यापासून सगळे झोपेपर्यंत ‘जरा हे कर, जरा ते बघ’ सुरू होतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी हेच सांगितलंय. घरातच असणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही, म्हणून ते आधीच मोजून घ्यायचे.

घरकामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, क्रमांक १८९. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तो १६ जून २०११ रोजी जिनिव्हात मंजूर केला, उरुग्वे हा तो स्वीकारणारा पहिला देश, आणि ५ सप्टेंबर २०१३ पासून तो लागू झाला. प्रत्येक देशानं तो स्वीकारलेला नाही, तेव्हा तो दाखवून तू त्या बाईंना कायद्यानं बांधू शकशील असं सांगून मी तुझी फसवणूक करणार नाही. पण काय मागायचं याचा तो चांगला आधार आहे. त्यात लिहिलंय की मालकाच्या घरी राहायचं की नाही हे कामगारानं मालकाशी बोलून मोकळेपणानं ठरवायचं. जी राहते तिनं सुट्टीच्या वेळात त्याच घरात थांबलंच पाहिजे असं बंधन नाही. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती. ओळखपत्रं आणि कागद कामगारानं स्वतःजवळ ठेवायचे. आणि सुरक्षित, निरोगी कामाची जागा हा तिचा हक्क.

आईबरोबर बसून एका कागदावर साध्या भाषेत लिही. काम किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. दुपारी किती वेळ आराम. आठवड्यातली सुट्टी कोणती. तास वाढले तर पगार किती वाढणार, आणि तो महिन्याच्या कोणत्या तारखेला, कुणाच्या हाती. माझं म्हणणं, तुझ्या हाती, म्हणजे भावाचं आणि तुझं चालेल. झोपायला जागा कुठे. स्वयंपाकघराच्या किंवा मधल्या पॅसेजच्या जमिनीवर नको, दाराला आतून कडी असलेली खोली हवी. आई आजारी पडली तर उपचार कोण करणार, पगार चालू राहणार का. त्या घरात कुणी आजारी पडलं तर आईला त्याच दिवशी सांगणार आणि तिला निघायचं असेल तर निघू देणार. किती दिवसांनी हे पुन्हा ठरवायचं, ती तारीख. ‘साथ संपेपर्यंत’ ही तारीख नव्हे. पहिल्यांदा तीस दिवस लिही.

कागद पाहून त्या बाई चिडल्या, तर ते आई आत जाण्याआधी कळलं हे बरं झालं. त्या शांतपणे वाचून दोन गोष्टींवर घासाघीस करायला लागल्या, तर घर बरं आहे असं मी मानेन.

दरम्यान, ज्या दोन घरांनी पैसे बंद केले त्यांना तू आईच्या वतीनं फोन कर. भांडू नको. “आई किती वर्षं तुमच्याकडे आहे, आता कामावर कधी घ्याल, तोपर्यंत अर्धा तरी पगार देता येईल का” असं सरळ विचार. माणसं पुष्कळदा नकार देत नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. या सदराचं वरचं पहिलं उत्तर त्यांना पाठवायचं असेल तर खुशाल पाठव.

आई गेलीच, तर तिचा मोबाइल आणि चार्जर तिच्याजवळच राहतील हे त्याच कागदावर लिहून घे, आणि रोज रात्री एक वेळ ठरवून भावाला तिच्याशी बोलू दे. तिच्याशी बोलताना एखादा शब्द ठरवून ठेवा, जो तिनं उच्चारला की तू दुसऱ्या दिवशी तिला आणायला जायचं. तीस दिवस झाले की मला पुन्हा लिही, आणि पत्राच्या वरच्या कोपऱ्यात ‘एकोणीस’ एवढंच लिही. ते पत्र मी बाकीच्यांच्या आधी उघडेन.